बोर्ड लावलाय हो, पण वाचायचा कधी?

मागच्या अंकात आपण एक्स्प्रेसवेच्या प्रवासाबद्दल प्रश्न मागवले होते आणि आले ते अक्षरशः ढीगभर आले. त्यातले निम्मे चलानाचे. चलान कसं माफ करून घ्यायचं असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की हे सदर त्या कामाचं नाही, तुमची चूक नसेल तर ऑनलाइन तक्रार करायची सोय आहे, ती वापरा आणि चूक असेल तर भरून टाका. बाकीच्या पत्रांमधली काही इथे घेतलीयत. थोडी कापाकापी केलीय, राग मानू नका.

काका, माझा मुलगा रोज चिंचवडहून नवी मुंबईला गाडी घेऊन जातो. तो एक्स्प्रेसवेवर कायम उजव्या लेनमध्ये ८० ने चालवतो, म्हणतो मी लिमिटमध्ये आहे, मागचे हॉर्न मारत बसले तर बसू देत. मी शेजारी असले की जीव मुठीत धरून बसते. त्याचं बरोबर आहे का?
(एक आई, चिंचवड)

ताई, वेग बरोबर आहे, जागा चुकीची आहे. तीन लेनपैकी डावी जड गाड्यांची, मधली कारची, आणि उजवी फक्त ओव्हरटेक करायला. ओव्हरटेक झालं की परत मधल्या लेनमध्ये यायचं, तिथे मुक्काम ठोकायचा नाही. सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे, म्हणजे ८० ने जाणाऱ्याने मधल्या लेनमध्ये निवांत जावं, कोणी काही बोलणार नाही. तो उजवीकडे बसला की होतं काय, मागचा माणूस थोडा वेळ डिपर देतो, मग चिडतो आणि डावीकडून घुसतो, आणि त्याच वेळी डावीकडचा ट्रक पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायला मधल्या लेनमध्ये येत असतो, आणि ट्रकवाल्याला त्याच्या डाव्या-उजव्या आरशात ही कार दिसेलच असं नाही. एक्स्प्रेसवेवरचे कितीतरी अपघात असे लेनच्या भानगडीतून होतात. मुलाला सांगा, तू नियम पाळतोयस हे खरंय पण अर्धाच पाळतोयस.

आता हॉर्नवाल्यांचं. मागून चिकटून येणारा पण तितकाच चुकतोय. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. समोर काहीतरी झालं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही ४० मीटर पुढे गेलेले असता, आणि मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरला अजून ५५-६० मीटर लागतात. म्हणून तीन सेकंदांचं अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं, तुम्ही त्या आधी खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसाळ्यात, घाटात धुकं असताना हेच दुप्पट करा. आणि हो, मध्ये अंतर ठेवलं की कोणीतरी त्यात घुसतोच, ते मला माहितेय, घुसू दे, परत अंतर वाढवा, त्यात तुमचे दोन-तीन सेकंद जातात फक्त.

भाऊ, आमचे मिस्टर समृद्धीवरून कायम रात्री जेवण करून नागपूरला निघतात. रस्ता मोकळा असतो, उन्हाचा त्रास नाही, असं त्यांचं म्हणणं. पण मी बघते ना, मध्येच हाक मारली की दचकतात, डोळे उघडे असतात पण माणूस तिथे नसतो. हे काय आहे आणि त्यांना कसं समजवायचं?
(जालना)

वहिनी, तुमचं निरीक्षण एकदम अचूक आहे आणि जे तुम्ही बघताय त्याचीच भीती समृद्धीवर सगळ्यात जास्त आहे. रस्ता सरळसोट, वळणं कमी, समोरून येणारी गाडी नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही, सिग्नल नाही. मेंदूला करायला काही कामच उरत नाही. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, पण मागचे दहा किलोमीटर कसे गेले विचारलं तर सांगता येत नाही. २०२२ च्या ११ डिसेंबरला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, नंतरच्या काही महिन्यांत अपघात वाढले तेव्हा या रस्ता-संमोहनाची बरीच चर्चा झाली होती. आता तर ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे, भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत, म्हणजे एका दमात मारायचा मोह अजूनच मोठा.

त्यात रात्रीचं जेवण करून निघणं म्हणजे दुष्काळात तेरावा. साधारण पहाटे २ ते ५ या वेळात शरीराला झोप हवीच असते, तुम्ही कितीही पट्टीचे ड्रायव्हर असा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं चालवणं रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं असं अभ्यासांत दिसलंय, आणि आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मिस्टरांना हे असं सांगून बघा. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडी काढतो तेव्हा एक थेंब न घेता त्या रेषेच्या पलीकडे असतो.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तंबाखू, तोंडावर पाणी मारणं, यातलं काहीही दहा-पंधरा मिनिटांच्या वर टिकत नाही. टिकतं ते एकच, झोप. विश्रांतीच्या जागी किंवा इंटरचेंजने बाहेर पडून पेट्रोल पंपावर गाडी लावायची, आधी कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे. उलटं वाटेल, पण कॉफीचा असर यायला तेवढाच वेळ लागतो, उठता तेव्हा दोन्ही मिळून काम करतात. आणि दर दोन तासांनी उतरायचं, झोप येवो न येवो. तुम्ही शेजारी बसताय तर गप्पा मारा, नुसतं ‘हं’ येईल असं काही बोलू नका, उत्तर द्यावं लागेल असं विचारा, म्हणजे मागचा इंटरचेंज कुठला गेला, पुढचा किती लांब. दोनदा उत्तर धड आलं नाही तर गाडी थांबवायला लावा, भांडण झालं तरी चालेल.

तुम्ही पुढेमागे बसने जाणार असाल तर आणखी एक. १ जुलै २०२३ ला मध्यरात्र उलटल्यावर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली, ३३ पैकी २५ माणसं गेली. बस डाव्या कुशीवर पडली, दार खालीच दबलं गेलं. जे वाचले त्यातले काही काच फोडून बाहेर आले. तेव्हा बसमध्ये बसलात की आधी संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठली, हातोडी लावलीय का आणि ती जागेवर आहे का हे बघा. विमानात हवाई सुंदरी हे सगळ्यांना हातवारे करून सांगते, आपल्या स्लीपर बसमध्ये ते कोणी का सांगत नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही. निघताना दोन मिनिटं क्लीनरने उभं राहून सांगितलं तर डिझेल जास्त जळणार आहे का?

महोदय, मी निवृत्त शिक्षक आहे. ‘नजर हटी दुर्घटना घटी’, ‘घरी कोणीतरी तुमची वाट पाहत आहे’ असे फलक ठिकठिकाणी दिसतात. माझी सूचना अशी की त्याऐवजी या रस्त्यावर यंदा किती माणसे दगावली तो आकडा मोठ्या अक्षरांत झळकवावा. माणूस भीतीनेच सुधारतो. आपले मत?
(सातारा)

सर, तुमची सूचना बऱ्याच जणांना पटेल, मलाही वरवर पटते. पण ती करून बघितली गेलीय आणि निकाल उलटा लागलाय. अमेरिकेत टेक्सस राज्यात २०१२ पासून महामार्गावरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर दर महिन्यातला एक आठवडा त्या वर्षात रस्त्यावर किती लोक मेले तो आकडा दाखवायचे. टोरंटो आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या दोघा संशोधकांनी बाकीच्या आठवड्यांशी तुलना केली, २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बोर्ड ओलांडल्यावर पुढच्या १० किलोमीटरमध्ये अपघात ४.५ टक्क्यांनी वाढलेले निघाले! आकडा जितका मोठा तितका परिणाम वाईट, आणि रस्ता जिथे गुंतागुंतीचा तिथे आणखी वाईट. त्यांचं म्हणणं असं की माणूस तो आकडा वाचून हबकतो, विचारात पडतो, आणि नेमकं त्या क्षणी त्याचं लक्ष रस्त्यावर हवं असतं.

आता आपल्या बोर्डांकडे या नजरेने बघा. १०० च्या वेगात २०० मीटरवरून बोर्ड वाचता येतो असं धरलं तर हातात सात सेकंद. त्यातही समोर, आरशात, शेजारच्या ट्रककडे बघायचंय, म्हणजे वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात. एवढ्यात आपल्या इथे मराठीत एक ओळ, इंग्रजीत एक ओळ, खाली कोणाचं तरी सौजन्य, वर मंत्रीमहोदयांचा हसरा फोटो. काय वाचणार आणि काय करणार? मी घोषणाफलकांच्या विरोधात आहे, स्पष्टच सांगतो. ‘सावकाश जा’ या सांगण्याला काही अर्थ नाही, किती सावकाश? ‘पुढे २ किमी अपघात, उजवी लेन बंद’ याला अर्थ आहे. ‘बोगद्यानंतर उतार, वेग ६०’ याला अर्थ आहे. वाचल्यावर पाय किंवा हात हलला पाहिजे, डोळ्यात पाणी यायची गरज नाही.

ब्रिटनमध्ये काही मोटरवेवर यापेक्षा साधी युक्ती केलीय, रस्त्यावरच ठरावीक अंतरावर बाणाच्या टोकासारख्या खुणा रंगवल्यात आणि बाजूला बोर्ड, पुढच्या गाडीपासून दोन खुणांचं अंतर ठेवा. संपलं. ना घोषणा, ना भीती, ड्रायव्हर नुसत्या नजरेने मोजतो. हे आपल्याकडे काँक्रीटवर रंगवायला किती खर्च येईल?

एक मात्र मान्य करायला हवं की नुसत्या माहितीने भागत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती, त्याच वर्षी शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू झालं. राज्य रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी), महामार्ग पोलीस, रस्ते सुरक्षेवर काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, महिंद्रा असे सगळे त्यात होते. पुढे काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला, पण तो प्रबोधनाच्या जोरावर नाही तर कठडे नीट केले, धोकादायक जागा शोधून दुरुस्त केल्या, वेगावर नजर ठेवली, या सगळ्याच्या जोडीला प्रबोधन होतं म्हणून. आणि शून्य अजून लांबच आहे.

मी ठाण्याची, पुण्याला आईकडे जाताना बरेचदा एकटी आणि दोन लहान मुलं असतात. एक्स्प्रेसवेवर गाडी बंद पडली तर नेमकं काय करायचं? मुलांना गाडीत ठेवायचं की बाहेर काढायचं? कुठेच नीट सांगत नाहीत.

बाहेर काढायचं. हे आधी सांगतो कारण बहुतेक जण नेमकं उलटं करतात, गाडीत बसून एसी लावून मदतीची वाट बघतात, किंवा गाडीच्या मागे उभं राहून फोनवर बोलतात.

गाडी कुरकुर करायला लागली की पूर्ण बंद पडायच्या आधीच डावीकडे घ्या, जेवढी कडेला जाईल तेवढी, शक्य असेल तर पुढच्या पंपापर्यंत किंवा एक्झिटपर्यंत ओढा. टायर फुटला असेल तरी शंभर-दोनशे मीटर रिमवर हळूहळू नेली तर रिम जाईल, जाऊ दे, रिम मिळते. हॅझर्ड लाइट चालू. मुलांना घेऊन डावीकडच्या दारातून उतरा, रस्त्याच्या बाजूच्या दारातून नाही, आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या थोडं मागे जाऊन उभ्या राहा. थोडं मागे अशासाठी की कोणी गाडीला ठोकलंच तर गाडी पुढे ढकलली जाते, तुमच्या अंगावर येत नाही. मात्र पूल असेल किंवा कठड्यापलीकडे दरी असेल तर आंधळेपणाने ओलांडू नका, अंधारात तर अजिबात नाही, आधी बघा. लाल त्रिकोण गाडीबरोबर मिळालेला असतो, डिकीत स्टेपनीखाली पडलेला असेल. तो मागे शंभरेक मीटरवर ठेवायचा, कडेकडेने समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालत जायचं. ट्रॅफिक वाहतं असेल, अंधार असेल, मुलं सोडून जाता येत नसेल तर राहू द्या त्रिकोण, तुम्ही कठड्याआड असणं जास्त महत्त्वाचं.

मग फोन. ११२ सगळीकडे लागतो, जखमी असेल तर १०८, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. एक्स्प्रेसवे आणि समृद्धीची वेगळी हेल्पलाइन आहे, टोलनाक्यावर बोर्ड असतो, निघायच्या आधीच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, आजच. पहिला प्रश्न येतो ‘मॅडम, कुठे आहात?’ आणि तिथे लोक अडकतात, ‘लोणावळ्याच्या पुढे, डोंगर दिसतोय’ असं सांगतात. कडेला किलोमीटरचे दगड आणि पाट्या असतात, शेवटची पाटी कुठली गेली आणि तुम्ही पुण्याकडे तोंड करून आहात की मुंबईकडे, या दोन गोष्टी सांगितल्या की गाडी थेट पोचते. मुलांना हा खेळच लावा, पाट्यांवरचे आकडे मोठ्याने वाचायचा, वेळही जातो.

कडेला थांबून टायर स्वतः बदलायचा का? पुरुषमंडळींना विशेष खुमखुमी असते. उजवीकडचा टायर असेल तर पाठ रस्त्याकडे करून बसावं लागतं, तिथे मी तरी कोणाला बसा म्हणणार नाही. मदत येऊ द्या.

साहेब, मी ट्रकवर आहे, सांगलीहून माल घेऊन जेएनपीटीला जातो. तुमचं सगळं लिहिणं कारवाल्यांसाठी असतं. घाटात ब्रेक फेल झाला की पेपरात ‘भरधाव ट्रकने चिरडले’ येतं. आम्हाला कोणी काही शिकवतं का? क्लीनरचं काम करता करता ड्रायव्हर झालो.

दादा, साहेब नका म्हणू. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरंय आणि हे पत्र आलं म्हणून मला बरं वाटलं, कारण ज्याला माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही. घाटात तामिळनाडूची, कर्नाटकची, राजस्थानची गाडी येते आणि तिला बोर्ड काय दिसतो, मराठीत आणि इंग्रजीत परिच्छेद. गिअरचं चित्र आणि एक आकडा काढला असता तर सगळ्यांना कळलं असतं.

तुम्ही जुने आहात, तुम्हाला ठाऊक असणार, पण हे वाचणाऱ्या नव्या पोरांसाठी लिहितो. बोरघाटात मुंबईकडे उतरताना गाडी न्यूट्रल टाकून सोडायची सवय फार जणांना आहे, डिझेल वाचतं म्हणून. जुन्या पंपाच्या इंजिनाला थोडंफार वाचत असेल. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात मात्र गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनला डिझेल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे न्यूट्रल टाकून डिझेल वाचत नाही, जास्त जातं, आणि वरून पूर्ण वजन एकट्या ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापतात, वास येतो, मग दाबलं तरी पकडत नाहीत. पेपरवाले ज्याला ब्रेक फेल म्हणतात ते बऱ्याचदा हे असतं, ब्रेक तुटलेला नसतो, तापून निकामी झालेला असतो.

उतार सुरू व्हायच्या आधीच, वरच, गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये तो घाट भरल्या गाडीने चढाल त्याच्यातच उतरा. एग्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग उतरवणारा, असेल तर चालू ठेवा. पाय ब्रेकवर ठेवून ठेवू नका, दाबा, वेग उतरवा, सोडा, थंड होऊ द्या. वास आला की लगेच कडेला जागा बघून थांबा, खाली जाऊन बघू असं नको, खालपर्यंत तो टिकेल याची खात्री नसते. आणि मागचे रिफ्लेक्टर, टेललाइट पुसा हो. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ समृद्धीवर भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर मध्यरात्री ट्रकवर मागून आदळला, १२ जण गेले. रात्री मागून येणाऱ्याला ट्रक आहे एवढंच दिसून उपयोग नाही, तो किती हळू चाललाय किंवा उभाच आहे हे कळायला हवं, आणि चिखलाने माखलेल्या मागच्या पट्टीवरून ते कळत नाही.

झोपेचं तुम्हाला काय सांगायचं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते, २०२५ पर्यंत तोच कायदा होता. मालकाला विचारा त्याने ऐकलंय का. ट्रक उभा करून झोपायला सुरक्षित जागा कुठे कुठे आहे, पुढची किती किलोमीटरवर, तिथे पाणी-संडास आहे का, हा बोर्ड जर दर वीस किलोमीटरला लागला तर बाकीचे पन्नास बोर्ड काढले तरी चालतील असं माझं मत आहे.

समृद्धीवर उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून नायट्रोजन भरतो. तरी भीती वाटते. अजून काय करू?
(नागपूर)

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा त्याचं फार कौतुक नको. वाईट नाही, पण हवा कमी असेल तर तो तुम्हाला वाचवणार नाही. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्याने. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते-उलगडते, तापते, आणि १२० ला दोन-तीन तास असं झालं की आतले थर सुटतात. लोक उलटं करतात, ऊन आहे म्हणून हवा मुद्दाम कमी भरतात. नको! दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी किती पीएसआय ते लिहिलेलं असतं, तेवढी, सकाळी टायर गार असताना. स्टेपनी पण.

वय बघा. टायरच्या बाजूला डॉट असं लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही छान दिसत असली तरी १२० साठी त्याच्यावर भरवसा नको. नक्षी कारला किमान १.६ मिलिमीटर हवी, खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की गेला. २०२३ मध्ये समृद्धीवर आरटीओने टायर तपासणी आणि ड्रायव्हरांना थांबवून समजावणं असं दोन्ही केलं होतं, तेव्हा लोकांना तो आकडा कुठे असतो हे पहिल्यांदा कळलं. अशी माहिती मला आवडते, टायरपाशी वाकून दाखवलेली.

आणि एक, समृद्धीवर कारला १२० ही मर्यादा आहे, लक्ष्य नाही. १०० वरून १२० ला गेलात की धडकेची ताकद दीडपटीच्या जवळ जाते, बरोबर सांगायचं तर १.४४ पट.

दादा, मी स्टुटगार्टला असतो. इथे ट्रॅफिक जॅम झाला की सगळे आपोआप कडेला सरकून मध्ये वाट ठेवतात अँब्युलन्ससाठी. भारतात आलो की खंडाळ्याच्या जॅममध्ये सायरन वाजत राहतो आणि कोणी हलत नाही. आपल्याकडे हे होणारच नाही का?

होईल की, पण तिकडे ते ‘आपोआप’ नाहीये. जर्मनीत तो कायदा आहे, गाड्या चालण्याच्या वेगावर आल्या की लगेच, सायरन ऐकू यायच्या आधीच, सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते आणि बाकी सगळ्या उजवीकडे. नाही केलं तर दंड २०० युरोपासून. आणि ते ड्रायव्हिंग शाळेत शिकवतात, परीक्षेत विचारतात, ऑटोबानवरच्या पुलांना बॅनर लावतात, रेडिओवर सांगतात. तुमचा रेडिओ तर उलट्या दिशेने कोणी येतोय हे पण गाणं थांबवून सांगतो. इतक्या वेळा, इतक्या ठिकाणी, एकच गोष्ट.

आपल्याकडे सायरन वाजल्यावर कुठल्या बाजूला सरकायचं हेच ठरलेलं नाही लोकांच्या डोक्यात, अर्धे डावीकडे जातात, अर्धे उजवीकडे, आणि काही जण तर अँब्युलन्सच्या मागे लागून फुकट वाट काढून घेतात. त्यात कडेच्या पट्ट्यात गाड्या घुसलेल्या असतात, ती जागा खरी अँब्युलन्स आणि क्रेनची. लोकांची दानत वाईट म्हणून हे होत नाही असं मी म्हणणार नाही, थोडी आहेच. पण लायसन्सच्या परीक्षेत हा प्रश्न सक्तीचा केला तरी फरक पडेल.

मागच्या सीटवर बसून मी पट्टा लावते तर नातवंडं हसतात, म्हणतात आजी विमानात बसलीय. खरंच लागतो का मागे?
(कोल्हापूर)

आजी, नातवंडांना सांगा कायद्यानेही लागतो, नाहीतर १००० रुपये दंड. पण दंड सोडा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्याला धडकली, मागे बसलेले दोघंही गेले, पोलिसांनी सांगितलं की त्यांनी पट्टे लावले नव्हते. पुढे बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले. गाडी भारीतली होती, एअरबॅग होत्या. मागचा माणूस सुटा असला की तो पुढच्यावर जाऊन आदळतो, म्हणजे पट्टा लावून पुढे बसलेल्या मुलाचाही जीव धोक्यात. हसू द्या त्यांना, आणि त्यांनाही लावायला लावा, मांडीवर बसवलेलं पोर तर धडकेत कुणालाच धरून ठेवता येत नाही.

पनवेल: कॅमेरा दिसला की ब्रेक आणि गेला की परत ताण, असं सगळेच करतात. चालतं ना?

आता नाही चालत. एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून नवी यंत्रणा आलीय, तिच्यात सरासरी वेग पण मोजतात, एका कमानीखालून दुसरीपर्यंत किती वेळात पोचलात त्यावरून. मधे कुठे ब्रेक मारला त्याच्याशी देणंघेणं नाही. उलट कॅमेऱ्याखाली कचकन ब्रेक मारणारा मागच्याला अडचणीत आणतो. हिशोब करा, ९४.५ किलोमीटर सलग १०० ने गेलात तर ५७ मिनिटं, १२० ने ४७. दहा मिनिटांचा सौदा, तोही घाट आणि गर्दी नाही असं धरून.

लोणावळ्यात कॉलेजला आहे. अपघात दिसला तर थांबावंसं वाटतं पण घरचे म्हणतात पोलिसांच्या लफड्यात पडू नको.

घरच्यांची माहिती जुनी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही किंवा पैसे मागू शकत नाही. गंभीर जखमीला वेळेत हॉस्पिटलला पोचवलं तर राहवीर म्हणून २५,००० रुपयांचं बक्षीस पण आहे. आणि मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, अपघातग्रस्ताला अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार कॅशलेस, योजनेतल्या हॉस्पिटलात, ही गोष्ट तिथल्या काउंटरवर ठणकावून सांगा, कारण काउंटरवरच्या माणसाला ती माहीत असेलच असं नाही.

फक्त थांबताना घाई नको. तुमची गाडी अपघाताच्या पुढे नेऊन कडेला लावा, हॅझर्ड, कठड्याच्या बाजूने चालत या, १०८ ला किलोमीटरची पाटी सांगा. जखमीला ओढून काढू नका, आग किंवा धूर असेल तरच काढा, मान वाकडी होऊ न देता. पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, जे हाताशी असेल ते दाबून धरा आणि अँब्युलन्स येईपर्यंत सोडू नका. व्हिडिओ काढणारे असतील त्यांना मागे जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायच्या कामाला लावा, मोबाईलचा टॉर्च तरी कामाला येईल.